अंधारातही नित्यक्रम न सोडणारे संत : इग्नेशियस लोयोला

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. तोफगोळ्याने जायबंदी झालेला शूर सैनिक आणि संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना भारतात धाडणारे संघप्रमुख म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु ह्याच संताला एके काळी जीवन संपवून टाकण्याच्या विचाराशी झुंजावे लागले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांच्या घरात आज कुणी नैराश्याने ग्रासलेले आहे, त्यांच्यासाठी त्यांच्या चरित्रातील हे पान फार मोलाचे आहे.

स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोलाच्या गढीत १४९१ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव इनिगो. मातृसुख त्यांना फार काळ लाभले नाही. तारुण्यात दरबारी डामडौल आणि शस्त्रविद्या हेच त्यांचे विश्व होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला आणि कित्येक महिने त्यांना अंथरुणावर काढावे लागले. वाचावयास प्रभू येशूचे चरित्र आणि संतचरित्रे एवढेच हाती आले. त्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट हेरली. पराक्रमाची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगविताना मन सुखावत असे, परंतु नंतर ते कोरडे पडत असे. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार सरल्यावरही मात्र आनंद टिकून राहत असे. आपल्याच मनाकडे असे शांतपणे पाहण्याची सवय त्यांना तेथे जडली. पुढे तिनेच त्यांना तारले.

मार्च १५२२ मध्ये मोन्सेरात येथील पवित्र मरियेच्या मंदिरात त्यांनी आपली तलवार अर्पण केली, भरजरी वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली आणि जवळच्या मान्रेसा गावी ते आले. थोडे दिवस थांबण्याचा बेत होता. मुक्काम सुमारे ११ महिन्यांचा झाला. ते भिक्षा मागून जेवत, मांस वर्ज्य करीत आणि दररोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करीत. पूर्वी देखणेपणाचा अभिमान होता, म्हणून केस व नखे कापणेही त्यांनी सोडून दिले. पहिले काही महिने मन प्रसन्न होते. मग एके दिवशी विचार आला की, असले कष्टाचे जीवन पुढे आणखी सत्तर वर्षे आपण कसे सोसणार? एका तासाच्या आयुष्याची तरी हमी कोण देऊ शकतो, अशा प्रतिप्रश्नाने त्यांनी तो परतवून लावला. आजचा भार आजच वाहावयाचा, उद्याचा आज उचलावयाचा नाही, हा धडा त्यात होता.

तथापि लढाई संपली नव्हती. आपले पापनिवेदन अपुरे राहिले, अमुक पाप सांगावयाचे राहून गेले, अशा शंकांनी त्यांना घेरले. पुन्हा पुन्हा प्रायश्चित्त संस्कार घेतला, सगळी पापे लिहून काढली, तरी शांती लाभेना. प्रार्थनेतील गोडी आटली. डॉमिनिकन मठातील आपल्या खोलीत असताना जीव देण्याची ओढ त्यांना वारंवार होऊ लागली. अशा वेळी ते देवाचा धावा करीत आणि त्याचे मन दुखावेल असे काहीही करणार नाही, असे मोठ्याने म्हणत.

ह्यानंतर त्यांनी जे केले ते आपल्यापैकी अनेक भाविक करतात : तपश्चर्या आणखी वाढविली. परमेश्वर सोडवील तोपर्यंत अन्नपाण्याला शिवायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर कडक उपवास केला. रविवारी त्यांच्या धर्मगुरूंनी उपवास मोडण्याची आज्ञा केली. शरीरात त्राण होते, तरीही त्यांनी निमूटपणे ती मानली. दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा उसळल्या आणि ह्या जीवनाचाच वीट आला. परंतु तेव्हाच स्वप्नातून जागे व्हावे तसे त्यांचे डोळे उघडले. हे विचार कोठून येतात आणि आपल्याला कोठे नेतात, हे त्यांनी ओळखले. क्षमा झालेली जुनी पापे पुन्हा उकरून काढायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला.

त्यानंतरचे बदल अगदी साधे होते. ते पुन्हा मांस खाऊ लागले. केस आणि नखे कापली. झोपावयाच्या वेळी मनात मोठमोठे आध्यात्मिक विचार येऊन झोप उडू लागली, तेव्हा देवासाठी दिवसाचा पुरेसा वेळ आपण दिलेला आहे, असे मानून त्यांनी झोप घेणे पसंत केले. हिवाळ्यात ते आजारी पडले, तेव्हा गावातील स्त्रियांनी दिलेले उबदार कपडे त्यांनी स्वीकारले. अन्न, निद्रा, स्वच्छता आणि इतरांचा आधार ह्या गोष्टी त्यांनी अध्यात्माच्या आड येऊ दिल्या नाहीत. त्या अध्यात्माचाच भाग झाल्या.

ह्या अनुभवातून त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या ग्रंथाची जडणघडण झाली. १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांनी त्यास मान्यता दिली. विषादाच्या काळासाठी त्यात दिलेले नियम आजही तितकेच उपयोगी आहेत. मन खचलेले असताना पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये. प्रार्थना टाळावीशी वाटली, तर उलट ती थोडी अधिक करावी. हा काळ सरेल हे ध्यानात ठेवून धीर धरावा आणि चांगल्या दिवसांत पुढील कठीण दिवसांसाठी बळ साठवावे. मनातील काळोख लपवून ठेवू नये. जाणत्या व्यक्तीपुढे तो बोलून दाखविताच त्याची ताकद ओसरते. ह्याखेरीज दुपारी आणि रात्री दिवसाचे परीक्षण करण्याची सवय त्यांनी घालून दिली. मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे हीच त्याची पहिली पायरी.

पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांच्या खोलीत फ्रान्सिस झेवियर आणि पीटर फावर हे दोघे राहत असत. फावर ह्यांनाही पापशंकांनी छळले होते. इग्नेशियस ह्यांनी त्यांच्यावर कठोर साधना लादली नाही. नियमित पापनिवेदन आणि दररोजचे परीक्षण एवढ्यावरच भर देत त्यांनी सुमारे चार वर्षे वाट पाहिली. आपल्या जखमेतून शिकलेला हा संयम होता. तेच फावर २०१३ साली संतपदाला पोहोचले. दुसरे सोबती झेवियर १५४२ साली गोव्यास आले, वसईतही त्यांचे पाय लागले. आपल्या भूमीवर पेटलेल्या श्रद्धेच्या ज्योतीमागे मान्रेसाच्या त्या अंधाराचाही वाटा आहे.

उतारवयात, येशूसंघाचे प्रमुख असताना, इग्नेशियस ह्यांनी हा अनुभव आपल्या एका सहकाऱ्याला स्वतः सांगून लिहून घेऊ दिला. त्यांनी तो लपविला नाही. मग आपण का लपवावा? नैराश्य म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे आणि पापाची शिक्षाही नव्हे. आध्यात्मिक विषाद आणि नैराश्याचा आजार ह्या दोन्ही गोष्टी सर्वस्वी एक नाहीत. म्हणून प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांचे उपचार घ्यावेत. येशूसंघाच्या घटनेतही इग्नेशियस ह्यांनी शरीरस्वास्थ्याची काळजी घेण्यास सांगितले आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच घरातील कुणाला, धर्मगुरूंना किंवा डॉक्टरांना सांगा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. आणि घरातील कुणी खचलेले दिसले, तर त्याला उपदेश करण्याआधी त्याच्याजवळ बसा, त्याला दोन घास भरवा, त्याचे ऐकून घ्या.

३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे इग्नेशियस प्रभुचरणी विलीन झाले आणि १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. ज्या जीवनाचा एकदा त्यांना वीट आला होता, त्याच जीवनातून परमेश्वराने एवढे मोठे कार्य घडवून आणले. आज ज्यांना पुढचा दिवस दिसत नाही, त्या सर्वांसाठी संत इग्नेशियस ह्यांच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या.