लिव्हिंग्स्टनचा तांडा

११ नोव्हेंबर १८५३ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातील लिंयांटी या गावातून एक चाळीस वर्षांचा स्कॉटिश मिशनरी पश्चिमेकडे निघाला. सोबत सत्तावीस माणसे, काही बैल आणि चार डबे. एका पत्र्याच्या डब्यात बदलायचे कपडे, दुसऱ्यात औषधे, तिसऱ्यात बायबल, नाविक पंचांग आणि लॉगॅरिदमची कोष्टके. चौथ्यात पडद्यावर चित्रे दाखविणारा जादूचा कंदील. एक लहानसा तंबू, पांघरायला मेंढीचे कातडे, अंथरायला घोड्यावर घालण्याची घोंगडी. थोडा चहा, साखर, वीसेक पौंड कॉफी, काही पौंड मणी आणि पाच बंदुका. समोर अटलांटिक महासागरापर्यंत शेकडो मैलांचा प्रदेश होता आणि त्याचा विश्वासार्ह नकाशा कोणाजवळही नव्हता.

या माणसाचे नाव डेव्हिड लिव्हिंग्स्टन. इंग्रजी राजवटीत शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी त्याचे चरित्र पाठ्यपुस्तकांत वाचले. त्या चरित्रांत तो बहुधा एकटाच चालत असतो. प्रत्यक्षात तो एकटा क्वचितच चालला. त्याचे सारे कर्तृत्व तांड्याच्या बळावर उभे राहिले आणि त्या तांड्याचा एक धागा मुंबईतून निघून नाशिकच्या शरणपुरापर्यंत पोहोचतो.

१९ मार्च १८१३ रोजी ग्लासगोजवळच्या ब्लँटायर येथे त्याचा जन्म झाला. दहाव्या वर्षी तो कापसाच्या गिरणीत कामाला लागला. दिवसाचे चौदा तास तुटलेले धागे जोडायचे आणि यंत्राच्या चौकटीवर पुस्तक टेकवून येता-जाता एकेक वाक्य वाचायचे, असे त्याचे शिक्षण झाले. पुढे ग्लासगोत त्याने वैद्यकाचा अभ्यास केला. जायचे होते चीनला. पण अफूचे युद्ध आडवे आले आणि लंडन मिशनरी सोसायटीने त्याला आफ्रिकेत धाडले. १८४१ मध्ये तो कुरुमानच्या ठाण्यावर पोहोचला. तीन वर्षांनी माबोत्सा येथे सिंहाने त्याच्यावर झडप घातली. मेबाल्वे नावाच्या सहकाऱ्याने सिंहाचे लक्ष स्वतःकडे वळविले म्हणून तो वाचला. मात्र डाव्या दंडाचे हाड मोडले आणि ते नीट सांधले नाही. हा मोडका हात तीस वर्षांनंतर पुन्हा कामी येणार होता.

धर्मप्रसारक म्हणून तो जवळजवळ अपयशीच ठरला. बाक्वेना जमातीचा प्रमुख सेचेले हा त्याने बाप्तिस्मा दिलेला एकमेव महत्त्वाचा माणूस आणि तोही काही महिन्यांत जुन्या कुटुंबरीतीकडे वळल्याने लिव्हिंग्स्टनने त्याला पंगतीबाहेर काढले. (सेचेलेने पुढे स्वतःच आपल्या लोकांत धर्मोपदेश चालू ठेवला, हा भाग निराळा.) एका जागी बसून चर्च चालविणे या माणसाच्या प्रकृतीत नव्हते. १८४९ मध्ये त्याने कालाहारी ओलांडून न्गामी सरोवर गाठले, १८५१ मध्ये तो झांबेझीच्या काठी पोहोचला. पत्नी मेरी आणि लहान मुले यांनाही त्याने या वाळवंटातून बैलगाडीने नेले. एका प्रवासात पाणी संपून मुले तहानेने व्याकूळ झाली होती. एक तान्ही मुलगी दगावली. अखेर १८५२ मध्ये त्याने कुटुंबाला केपटाऊनहून बोटीत बसवून इंग्लंडला पाठविले आणि स्वतः उत्तरेची वाट धरली. मेरीने पुढील चार वर्षे ओढगस्तीत काढली.

लिंयांटी ही माकोलोलोंची राजधानी. त्यांचा तरुण राजा सेकेलेटू याला हस्तिदंतासाठी किनाऱ्यापर्यंत स्वतःची वाट हवी होती. लिव्हिंग्स्टनला गुलामांच्या व्यापाराला पर्याय ठरेल असा व्यापारमार्ग हवा होता. दोघांचे हेतू जुळले, म्हणून ही मोहीम निघाली. माणसे, बैल आणि हस्तिदंत सेकेलेटूचे. होकायंत्र आणि सेक्स्टंट लिव्हिंग्स्टनचे. इंग्लंडमध्ये तिला एका मिशनऱ्याचे साहस म्हटले गेले, तरी तिचा मोठा खर्च एका आफ्रिकी राजाने सोसला होता.

त्या सत्तावीस जणांत अस्सल माकोलोलो फार थोडे. बाकीचे बारोत्से, बाटोका आदी जमातींचे होते. त्यांच्या मुक्कामाची शिस्त लिव्हिंग्स्टनने तपशीलवार नोंदविली आहे. संध्याकाळी थांबताच काही जण गवत कापीत, काही फांद्या तोडून आडोसे रचीत. गवताच्या बिछान्याच्या दोन्ही बाजूंना डबे ठेवून त्यावर तंबू उभारला जाई. चार-पाच फुटांवर मुख्य धुनी. प्रत्येकाची धुनीभोवतालची जागा ठरलेली असे आणि ती हुद्द्याप्रमाणे असे. माशावाना हा त्यांचा म्होरक्या तंबूच्या दाराशीच झोपे. बाकीचे नालेच्या आकारात खोपटी बांधून राहत आणि मधल्या मोकळ्या जागेत बैल बांधले जात. तासाभरात सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आलेले असे. पहाटे पाचच्या आधी उठणे, कॉफी, सामान लादणे आणि ऊन चढण्यापूर्वी जमेल तेवढी मजल मारणे. आज बोट्स्वाना-झांबियाच्या अभयारण्यांत तंबू घेऊन हिंडणाऱ्या पर्यटकांच्या दिनक्रमाचा आराखडा याहून फारसा वेगळा नाही. सफारी हा स्वाहिली शब्द आणि आपली सफर ही दोन्ही एकाच अरबी मुळापासून आली आहेत, हे येथे आठवावे.

फरक होता तो जोखमीत. पावसाने कपडे अंगावरच कुजत. लिव्हिंग्स्टनला हिवताप इतक्या वेळा आला की अखेरच्या टप्प्यात त्याला बैलावर धड बसवेना. क्विनाइन, कॅलोमेल, रेवाचिनी आणि जलाप यांची गोळी त्याने स्वतःच बनविली होती; पुढे एका ब्रिटिश कंपनीने ती त्याच्या नावाने विकली. चिबोक्वे प्रदेशात वाट देण्याच्या बदल्यात माणूस, बैल किंवा बंदूक यांची मागणी झाली. माणूस द्यायचा म्हणजे गुलाम म्हणून द्यायचा. ते त्याने आणि त्याच्या सोबत्यांनीही नाकारले. ३१ मे १८५४ रोजी तांडा लुआंडाला पोहोचला. समुद्र दिसताच पृथ्वी येथे संपली, असे त्या सत्तावीस जणांना वाटले. बंदरात त्यांनी दिवसाला सहा पेन्स मजुरीवर इंग्लंडहून आलेल्या जहाजातील दगडी कोळसा उतरविला. जळणारा दगड ही त्यांच्यासाठी नवलाईच होती.

बंदरातील ब्रिटिश जहाजे लिव्हिंग्स्टनला मायदेशी नेण्यास तयार होती. प्रकृती ढासळली होती, घरची माणसे वाट पाहत होती. पण सोबत्यांना गावी परत नेण्याचा शब्द त्याने दिला होता आणि परतीची वाट त्यांना एकट्याने पार पडली नसती. तो जहाजात चढला नाही. सप्टेंबर १८५४ मध्ये तांडा उलट फिरला आणि वर्षभराने सत्तावीसच्या सत्तावीस जण जिवंत लिंयांटीला पोहोचले. ते मेले असेच गावाने धरले होते. काहींच्या बायकांनी दरम्यान दुसरे घर केले होते. माशावानाची बायकोही त्यांतलीच.

लगेच पूर्वेची मोहीम निघाली. या वेळी सेकेलेटूने ११४ माणसे दिली. नोव्हेंबर १८५५ मध्ये मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, हा धबधबा लिव्हिंग्स्टनला दाखविण्यात आला आणि त्याने त्याला आपल्या राणीचे नाव दिले. मे १८५६ मध्ये तो हिंदी महासागराच्या काठी केलिमाने येथे पोहोचला. खंड आडवे पार करणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचा गौरव झाला. चार दशकांपूर्वी अंगोलाहून टेटेला गेलेल्या दोन आफ्रिकी व्यापाऱ्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. इंग्लंडमध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या सत्तर हजार प्रती खपल्या. टेटे येथे थांबलेले त्याचे सोबती मात्र दोन वर्षे त्याची वाट पाहत राहिले. १८५८ मध्ये तो परतला तेव्हा त्यांतील सुमारे तीस जण देवीच्या साथीत मेले होते.

यानंतरची झांबेझी मोहीम सरकारी पैशाने निघाली आणि फसली. काहोरा बासाच्या खळाळांनी नदीमार्गाचे स्वप्न मोडले. गोऱ्या सहकाऱ्यांशी त्याचे पटेना; आफ्रिकी माणसांशी अपार धीराने वागणारा हा माणूस स्वकीयांशी तुसडेपणाने वागे. त्याच्या वर्णनांवर विसंबून आलेली मिशनरी कुटुंबे तापाने मेली. मेरी पुन्हा त्याच्याकडे आली आणि तीन महिन्यांत, २७ एप्रिल १८६२ रोजी, शुपांगा येथे तिचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी सरकारने मोहीम गुंडाळली.

येथून मुंबईचा संबंध सुरू होतो. लेडी न्यासा ही ११५ फुटी आगबोट त्याने स्वतःच्या पैशाने सरोवरासाठी बांधवून घेतली होती. झांझिबारमध्ये विकली तर ती गुलामांच्या वाहतुकीला लागेल, या भीतीने त्याने ती मुंबईत नेऊन विकायचे ठरविले. नदीसाठी बांधलेली बोट, चौदा टन कोळसा, तीन युरोपीय, पूर्वी कधी समुद्र न पाहिलेले सात आफ्रिकी खलाशी, चुमा आणि विकातानी ही दोन मुले आणि कप्तान स्वतः लिव्हिंग्स्टन. ३० एप्रिल १८६४ ला निघून अडीच हजार मैल कापीत, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, १३ जूनला ही बोट मुंबई बंदरात शिरली. ती इतकी लहान होती की बंदरात कोणाच्या लक्षातही आले नाही.

चुमा आणि विकातानी यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले; विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे विल्सन. दुसऱ्या वर्षी तो परत आला तेव्हा कापसाच्या तेजीने फुगलेले शहर घसरणीला लागले होते. सहा हजार पौंडांची बोट तेवीसशे पौंडांना गेली. ते पैसे त्याने हिंदुस्थानातील एका बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली.

मुंबईत त्याला माणसे मात्र मिळाली. अरबी समुद्रात ब्रिटिश युद्धनौका गुलामांची गलबते पकडीत. सोडविलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईला आणले जाई आणि काहींना नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवले जाई. तेथे ती इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम शिकत. जन्माने याओ किंवा मकुआ, नावे इंग्रजी आणि बालपण गोदाकाठी, अशी ही मुले. त्यांतील नऊ जणांना लिव्हिंग्स्टनने सोबत घेतले. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरचे दहा जण, शुपांग्याचे सुसी आणि अमोडा, तसेच चुमा-विकातानी. उंट, म्हशी, खेचरे आणि गाढवेही होती. त्सेत्से माशीच्या प्रदेशात ती तगतात का, हे पाहायचे होते. तगली नाहीत. माशीपेक्षा माणसांच्या मारानेच ती मेली, असे लिव्हिंग्स्टनचे मत होते. शिपाई काही महिन्यांत परत पाठविले गेले, जोहानावाले पळाले आणि त्यांनी लिव्हिंग्स्टन मेल्याची खोटी बातमी झांझिबारला पोहोचविली. जानेवारी १८६७ मध्ये औषधांचा डबाच चोरीला गेला.

पुढची सहा वर्षे नाईलचा उगम शोधण्यात गेली आणि तो शोध चुकीच्या दिशेने चालला होता. ज्या नदीमागे तो लागला ती काँगोला मिळते. गुलामगिरीचा हा कडवा विरोधक याच काळात अन्न आणि वाटाड्यांसाठी गुलामांच्या व्यापाऱ्यांवरच अवलंबून होता. १५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वेच्या बाजारात त्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी केलेला गोळीबार त्याने डोळ्यांनी पाहिला. शेकडो माणसे, बहुतेक बायका, मेल्या. कागद आणि शाई संपल्याने जुन्या वर्तमानपत्रावर फळांच्या रसाने लिहिलेली त्याची तेव्हाची टिपणे २०११ मध्ये आधुनिक प्रकाशचित्रण तंत्राने वाचली गेली. छापील वृत्तांतापेक्षा ती अधिक गोंधळलेली आहेत आणि त्याच्या स्वतःच्या हाताखालील माणसांच्या वर्तनाविषयी शंका निर्माण करतात. त्या वर्षाच्या अखेरीस उजिजी येथे स्टॅन्ली त्याला भेटला. त्या भेटीतील अभिवादन जगभर गाजले. स्टॅन्लीने किनाऱ्यावरून पाठविलेल्या माणसांत नाशिकचे आणखी काही जण होते. जेकब वेनराईट त्यांपैकी एक.

१ मे १८७३ च्या पहाटे आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला. मृतदेह तेथेच पुरून, वेतन घ्यायला किनारा गाठणे तांड्याला सोपे होते. प्रेत घेऊन चालणे त्या प्रदेशात अशुभच नव्हे तर जिवावर बेतणारे होते. तरीही तो न्यायचाच, असे त्यांनी ठरविले. झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरी केलेल्या फारिजालाने नाशिकच्या कारस फरार याच्या मदतीने देह उघडला. हृदय आणि आतडी झाडाखाली पुरली, वेनराईटने प्रार्थना म्हटली आणि खोडावर अक्षरे कोरली. मीठ भरून देह चौदा दिवस उन्हात वाळविला, झाडाच्या सालीत गुंडाळला, वर शिडाचे कापड शिवले.

चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली तांडा नऊ महिने चालला. वाटेत अनेक जण आजारी पडले, काही मेले. उन्यान्येंबे येथे भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पुढे एका गावाने प्रेताला वाट नाकारली, तेव्हा त्यांनी काटक्यांचे खोटे प्रेत बांधून ते परत पाठविल्याचे सोंग केले आणि खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पगार चुकता करून त्यांना निरोप दिला.

लंडनमध्ये डाव्या दंडातील जुन्या मोडीवरून देहाची ओळख पटविण्यात आली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटिका धरणाऱ्यांत स्टॅन्लीसोबत एक आफ्रिकी होता, जेकब वेनराईट. चुमा आणि सुसी यांना नंतर इंग्लंडला बोलावले गेले, तोवर अंत्यविधी उरकला होता. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीच्या संपादनात त्यांच्या स्मरणाचा उपयोग करून घेण्यात आला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यासाठी पदके पाडली. ती येईपर्यंत बहुतेक जण पांगले होते.

झांझिबारचा गुलामबाजार जून १८७३ मध्ये, लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर महिन्याभराने, तहान्वये बंद झाला. त्या वाटाघाटी सुरू करणारे सर बार्टल फ्रिअर हे मुंबईचे माजी गव्हर्नर. त्यांच्या नावाने १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रिअरटाऊन वसले आणि शरणपूरचे अनेक आफ्रिकी तेथे जाऊन राहिले. चुमा पुढे इतरांच्या मोहिमांचा तांडेल झाला आणि १८८२ मध्ये वारला. सुसी १८९१ मध्ये, वेनराईट १८९२ मध्ये. नाशिकच्या तुकडीतील मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. चितांबोच्या गावातील ते झाड १८९९ मध्ये तोडण्यात आले आणि वेनराईटने अक्षरे कोरलेला खोडाचा तुकडा लंडनला नेण्यात आला.