फादर मर्सेन यांची एकवीस अंकी संख्या

मारँ मर्सेन यांचा जन्म १५८८ साली फ्रान्सच्या मेन प्रांतातील एका साध्या कुटुंबात झाला. ला फ्लेश येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात शिकून, पुढे पॅरिसमध्ये ईशज्ञानाचे अध्ययन करून १६११ साली त्यांनी मिनिम संघात प्रवेश केला. या संघाचे व्रत मोठे कडक. मांस, अंडी, दूध जन्मभर वर्ज्य. म्हणजे बारमास उपवासकाळच! पॅरिसच्या मठातील त्यांची खोली मात्र युरोपातील विद्वानांचे जणू टपालघर होती. देकार्त, फर्मा अशांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. एकाचे कोडे ते दुसऱ्याकडे धाडीत.

अशाच एका कोड्याने त्यांचे नाव मागे राहिले. सहाचे सहाहून लहान विभाजक १, २ व ३. त्यांची बेरीज पुन्हा सहाच. अशा संख्येस पूर्ण संख्या म्हणतात. संत ऑगस्टीन यांनी सृष्टिनिर्मितीच्या सहा दिवसांशी तिचा संबंध जोडला होता. युक्लिडच्या रीतीने पूर्ण संख्या मिळवायची, तर २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून उरणारी संख्या मूळ असावी लागते. तिसऱ्या घातातून ७ उरतात. ती मूळ संख्या आहे. अकराव्यातून मात्र २०४७ उरतात, आणि ते २३ गुणिले ८९ होत.

२५७ पर्यंतच्या कोणत्या घातांतून मूळ संख्या उरते, याची यादी मर्सेन यांनी १६४४ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ वा घात होता. त्यातून उरणारी संख्या १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एवढ्या मोठ्या संख्येची परीक्षा करण्यास सारा काळही अपुरा पडेल, हे त्यांनीच त्या ग्रंथात मान्य केले होते. मग यादी दिली कशाच्या आधारे? हे धाडस थोडे अविचारीच म्हणावे लागेल. पण त्यामुळेच पुढील पिढ्यांना स्वस्थ बसवेना.

१८७६ साली ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले, तरी तिचे विभाजक सापडले नव्हते. १८८३ साली पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूंनी यादीतून निसटलेला ६१ वा घात दाखवून दिला. अखेर १९०३ साली न्यूयॉर्कच्या एका सभेत प्राध्यापक कोल फळ्यापाशी गेले आणि, असे सांगतात की, एक शब्दही न उच्चारता त्यांनी १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणून दाखविले. उत्तर मर्सेन यांचीच संख्या! हे विभाजक शोधण्यात त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले होते, असेही म्हणतात.

मर्सेन १ सप्टेंबर १६४८ रोजी निवर्तले. आपल्या दुखण्याचे खरे कारण कळावे म्हणून मृत्यूनंतर देहाचे विच्छेदन करावे, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.