बार्तोलोमे दे लास कासास : स्वजनांस जाब विचारणारा धर्मगुरू

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोरांची चरित्रे यावीत, हे योग्यच. यंदा मात्र परदेशातील व परधर्मातील एका पुरुषाचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. आपल्याच लोकांच्या हातून, आणि तोही धर्माच्या नावाने, अन्याय होत असता सज्जनाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्याने उभ्या आयुष्याने दिले, म्हणून हा प्रपंच.

बार्तोलोमे दे लास कासास यांचा जन्म इ. स. १४८४ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल शहरी झाला. वडील पेद्रो हे व्यापारी. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ते सामील होते. १५०२ साली बार्तोलोमेही कॅरिबियन समुद्रातील हिस्पान्योला बेटावर गेले. तेथे मूळ रहिवासी स्पॅनिश वसाहतवाल्यांस वाटून दिले जात. धन्याने त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावा व त्यांनी धन्याची सेवा करावी, असे कागदावर होते. प्रत्यक्षात सोन्याच्या खाणींत मरेपर्यंत राबणूक होती. लास कासास यांच्या वाट्यासही अशी माणसे आली, व धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाहीत. १५११ साली मोंतेसिनोस नावाच्या डोमिनिकन साधूने भर चर्चमध्ये वसाहतवाल्यांची कानउघाडणी केली. तिचाही त्यांच्यावर तेव्हा परिणाम झाला नाही.

पुढे क्यूबाच्या स्वारीत त्यांनी निरपराध गावकऱ्यांची कत्तल डोळ्यांदेखत पाहिली. १५१४ साली एका सणाच्या प्रवचनाची तयारी करताना बायबलातील एक अध्याय त्यांच्या वाचनात आला. गरिबाच्या तोंडचा घास काढून वाहिलेला नैवेद्य देवास मान्य नाही, असा त्याचा आशय. जे आजवर इतरांस वाचून दाखविले, ते स्वतःस लागू आहे हे त्यांना उमगले. त्यांनी आपली माणसे मुक्त केली, आणि मगच व्यासपीठावरून इतरांस तसे करण्यास सांगितले.

तेथून पन्नास वर्षे हा झगडा चालला. १५१६ साली त्यांची मूळ रहिवाशांचे रक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या हातून एक मोठी चूकही झाली: या लोकांचे श्रम हलके व्हावेत म्हणून आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना त्यांनी केली. पुढे त्या गुलामांवरील अन्याय कळताच त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात स्वतःस दोष दिला.

१५१३ पासून स्पॅनिश सैनिक गावाबाहेर एक जाहीरनामा वाचीत. चर्चची व राजाची सत्ता माना, नाहीतर युद्ध, असा तो मजकूर. आणि तो ऐकणाऱ्यांस न कळणाऱ्या भाषेत! तलवारीच्या धाकाने धर्म देता येत नाही; तो समजुतीने व प्रेमानेच पटवावा, असे लास कासास यांनी ग्रंथ लिहून प्रतिपादिले. ग्वातेमालात सैन्याला दाद न देणाऱ्या प्रदेशात त्यांच्या सोबत्यांनी शस्त्राविना प्रवेश करून दाखविला.

त्यांच्या खटपटीमुळे १५४२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने नवे कायदे केले. पुढे चियापा प्रांताचे बिशप झाल्यावर, गुलाम न सोडणाऱ्यास पापक्षमा नाही, असा हुकूम त्यांनी काढला. शहर खवळले, आणि त्यांस बिशपपद सोडून स्पेनला परतावे लागले. कायद्यातील महत्त्वाचे कलमही १५४५ साली रद्द झाले.

१५५० साली वायादोलिद येथे प्रसिद्ध वाद झाला. हे लोक जन्मतःच दास्यास योग्य आहेत, असे विद्वान सेपुलवेदा यांनी मांडले. लास कासास यांनी पाच दिवस आपले म्हणणे वाचून दाखविले: सारी मानवजात एक आहे व सर्वांस बुद्धी दिलेली आहे. पंचांनी निर्णय दिल्याचे आढळत नाही. १५६६ साली माद्रिद येथे त्यांचा देहान्त झाला.

स्वदेशीयांनी त्यांस देशद्रोही म्हटले. परंतु आज स्पेनच्या नावास त्या काळाचा जो कलंक आहे, तो थोडा तरी पुसला जातो तो याच पुरुषामुळे. स्वजनांचे दोष झाकणारा स्वजनांचा हितकर्ता नव्हे. प्रथम आपल्या घरातील अन्याय दूर करून मग चारचौघांत बोलणारा, तोच खरा हितकर्ता. आमच्या तरुणांनी हे चरित्र त्या दृष्टीने वाचावे, एवढीच विनंती.