हर्बर्ट रिस्ले : माणसे मोजणारा साहेब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु ज्यांच्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरवले नाही, त्यांनी आपल्या पूर्वजांचा माग कोठे काढावा? माझ्या खापरपणजोबांच्या हातचे एक पत्रही आमच्या घरात नाही. इंग्रजी अमदानीतील खानेसुमारीत मात्र त्यांचे डोके कोठेतरी मोजले गेले असेल. ती मोजणी कोणी व कशी केली, हे शोधू लागले तेव्हा हर्बर्ट होप रिस्ले हे नाव समोर आले.

रिस्ले यांचा जन्म १८५१ मध्ये इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर येथे झाला. ऑक्सफर्डला शिकून १८७३ मध्ये ते सनदी नोकरीत बंगालमधील मिदनापूरला आले. छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखातही त्यांनी काम केले. १८८५ मध्ये बंगालच्या जातिजमातींची पाहणी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. डोकी व नाके मोजून माणसाचा वंश ठरविता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांतच त्यांनी मांडला!

१९०१ च्या खानेसुमारीचे ते आयुक्त होते. त्या वेळी २९ कोटींहून अधिक माणसे मोजली गेली. पण रिस्ले केवळ मोजून थांबले नाहीत. लोकमताप्रमाणे जातींची उच्चनीच क्रमवारी लावण्याचे त्यांनी ठरविले. मग काय, ठिकठिकाणी जातींच्या सभा भरल्या आणि वरचे स्थान मिळावे म्हणून सरकारकडे अर्जांचा पाऊस पडला. मुलखामुलखांत जे वेगवेगळे होते, ते छापील कागदावर पक्के होऊ लागले. आपल्याकडील मराठ्यांनाही त्यांनी शक-द्राविड वंशात बसविले. पुढे गृहसचिव असताना १९०५ च्या वंगभंगाच्या आखणीत त्यांचा मोठा हात होता. १९११ मध्ये विंबल्डन येथे त्यांचे निधन झाले.

मग हे आकडे टाकून द्यावेत काय? तसे नाही. मालवणात जन्मलेले डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच मोजमापे पुन्हा तपासली आणि देशाच्या बहुतेक भागांत हा सिद्धांत टिकत नाही, हे दाखविले. १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घुर्ये यांनी दिलेल्या मापांचाच आधार घेऊन, अस्पृश्य वेगळ्या वंशाचे आहेत हे मत खोडून काढले. ज्या मापांनी आमच्यासारख्यांना खालचे ठरविले, तीच मापे शेवटी आमच्या बाजूने साक्षीला उभी राहिली.

म्हणून खानेसुमारीचा अहवाल वाचताना मोजलेल्या माणसाइतकेच मोजणाऱ्यालाही पाहावे, असे मला वाटते. माझे खापरपणजोबा त्या रकान्यात केवळ एक आकडा आहेत. रिस्ले यांचे चरित्र वाचले, तेव्हा तो रकाना कोणी आखला हे मला कळले.

(द्वितीय वर्ष, कला)