रक्ताच्या साठवणीचे शास्त्र घडविणारा शल्यविशारद

रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीवर रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. या तारखांमागील शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय शल्यविशारद डॉ. चार्ल्स ड्रू यांचे नाव आदराने घेतले जाते.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून १९३३ मध्ये ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. जॉन स्कडर यांच्यासमवेत त्यांनी साठवलेल्या रक्ताचा अभ्यास हाती घेतला.

तांबड्या पेशींमध्ये पोटॅशियम विपुल असते, तर भोवतालच्या द्रवात अत्यल्प. शीतगृहात पेशींची ते धरून ठेवण्याची क्षमता मंदावते आणि दिवसागणिक ते बाहेर झिरपते. असे जुने रक्त वेगाने व मोठ्या प्रमाणात दिल्यास हृदयाची लय बिघडून प्राणावर बेतू शकते. नवजात अर्भके व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हा धोका अधिक. ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गळती मोजली. तापमान, रक्त गोठू न देणारी द्रव्ये, इतकेच काय, बाटलीचा आकारही त्यांनी तपासला. या विषयावरील प्रबंधासाठी १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

त्याच वर्षी युद्धग्रस्त ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याच्या मोहिमेची वैद्यकीय धुरा त्यांच्याकडे आली. पेशी वगळलेला रक्तद्रव अधिक काळ टिकत असे. १९४१ मध्ये अमेरिकी रेड क्रॉसच्या रक्तपेढीचेही त्यांनी नेतृत्व केले. मात्र या संस्थेने लष्करासाठी कृष्णवर्णीयांचे रक्त आधी नाकारले व नंतर वेगळे ठेवले. या भेदाला कोणताही शास्त्रीय आधार नसल्याचे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले. पुढे हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय शल्यविशारदांची पिढी घडविण्यास त्यांनी वाहून घेतले.

१ एप्रिल १९५० रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात, अवघ्या ४५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना उपचार नाकारल्याची कथा पसरली. ती खरी नाही. श्वेतवर्णीय डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याचे प्रयत्न केले होते. त्याच वर्षी रेड क्रॉसने रक्तावरील वर्णभेद संपविला.

आज अर्भकाला मोठ्या प्रमाणात रक्त द्यायचे असल्यास ताजे किंवा धुतलेल्या पेशींचे रक्त निवडले जाते. त्या दक्षतेमागे ड्रू यांच्या पिढीने घेतलेले परिश्रम आहेत.