गायरानाचा लढा उभारणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड

१५ ऑक्टोबर ही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण भूमिहीनांच्या जमिनीसाठी त्यांनी दिलेला लढा आजच्या तरुणांना फारसा माहीत नाही.

भाऊराव गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. महाड आणि १९३० च्या काळाराम सत्याग्रहापासून ते बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी राहिले. १९३७ साली ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. खेड्यातल्या आपल्या माणसाला गावकी चुकत नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

गावाची पडीक सरकारी जमीन म्हणजे गायरान. ती गुरे चारण्यासाठी राखलेली. पण ज्याच्या गोठ्यात गुरे जास्त, त्यालाच तिचा फायदा जास्त. ज्याच्याकडे गुरेही नाहीत आणि शेतही नाही, त्याचे काय? मराठवाड्यात १९५३ सालीच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने या जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनीही खेड्यातल्या भूमिहीनांविषयी खंत व्यक्त केली होती.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेबांनी हा प्रश्न पुढे नेला. १९५७ साली ते लोकसभेवर गेले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात लवकरच फूट पडली. जमिनीचा लढा डाव्यांच्या वळणाचा आहे, अशी टीका आपल्याच शिकलेल्या नेत्यांनी केली. धोतर नेसणाऱ्या दादासाहेबांना हिणवलेही गेले. ते मागे हटले नाहीत. १९५९ साली मराठवाडा, खानदेश आणि नाशिक भागात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. १९६४ साली ६ डिसेंबरला देशभर सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. ३ लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. बायाबापड्या लेकरे कडेवर घेऊन अटक करून घेत होत्या.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. लढा मात्र संपला नाही. मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी दगडगोटे वेचून गायराने पिकाऊ केली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलित, आदिवासी भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही पुराव्याअभावी हजारो जण आजही सातबाऱ्याची वाट पाहत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर तर अतिक्रमण हटवण्याच्या नोटिसांची टांगती तलवार आहे.

इथे एक गोष्ट आपणही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गायरान उरले नाही तर चार शेळ्यांवर घर चालवणारी आपलीच विधवा बाई आणि मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, दोघांचाही चारा जातो. तेव्हा कसणाऱ्याला त्याचा तुकडा मिळावा, उरलेले चराऊ रान राखले जावे आणि प्रकल्पांच्या नावाखाली ते धनदांडग्यांच्या घशात जाऊ नये, अशी मागणी एकत्रित हवी.

जयंतीला हार घालून थांबू नका. आपल्या गावच्या तलाठ्याकडे जा. जुन्या अतिक्रमणाची १-ई नोंद, दंडाच्या पावत्या शोधा आणि त्या कुटुंबाचा प्रस्ताव तयार करून द्या. दादासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल. जय भीम!