भास्कराचार्यांची शिकविण्याची रीत

गणित म्हटलें कीं आमच्या मुलांच्या अंगावर कांटा येतो, आणि वडीलमंडळी तो बुद्धीचा दोष समजून मुलास पाठांतराच्या घाण्यास जुंपतात. भास्कराचार्यांचा अभिमान मात्र घरोघरीं आहे! ते शिकवीत कसे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून त्यांच्या चरित्राकडे आज त्या दृष्टीनें पाहूं.

शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ त, सह्याद्रीच्या आश्रयास वसलेल्या विज्जडविड गांवच्या या पुरुषास पिता महेश्वर हेच गुरु लाभले. वयाच्या ३६ व्या वर्षीं ‘सिद्धांतशिरोमणि’ सिद्ध झाला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. पुढें उतारवयांत, ११८३ मध्यें, ‘करणकुतूहल’ रचिलें.

लीलावतींत व्याज, मालाची अदलाबदल, सोन्याचा कस असे पेढीवरचे हिशेब आहेतच. परंतु काटकोन त्रिकोणाचा नियम आला कीं आचार्य शिष्यास तळ्याकांठीं नेतात. पाण्यावर अर्धा हात डोकावणारें कमळ वाऱ्यानें कलून दोन हातांवर बुडालें, तर पाणी किती खोल? देठ हा कर्ण, हें चित्र मनांत उभें राहिलें कीं पावणेचार हात हें उत्तर फार दूर राहत नाहीं.

तोच नियम खरा कां, हें बीजगणितांत ते आकृतीनें दाखवितात. वाचकांनीं कागद कापून पाहावा. ३ व ४ बाजूंचे चार काटकोन त्रिकोण असे मांडावे कीं बाहेरून कर्णांचा चौरस व्हावा. मध्यें लहानसा चौरस मोकळा राहतो. त्रिकोणांचे २४ आणि मोकळा १ मिळून २५, म्हणजेच ९ आणि १६ यांची बेरीज. आकृतीनें न उमगल्यास तीच गोष्ट राशींच्या मार्गानें दाखवावी, असेंही ते सांगतात. अडलेल्या शिष्यास छडी नव्हे, दुसरी वाट!

शून्यानें भागिलेल्या राशीस त्यांनीं सृष्टि-प्रलयांत न घटणाऱ्या, न वाढणाऱ्या परमेश्वराची उपमा दिली. उपमा सुंदर खरी. पण आजचें गणित तो भागाकारच मानीत नाहीं. दृष्टांत दाराशीं नेतो, आंत शिरून तपासावें लागतेंच.

लीलावती ही आचार्यांची दुर्दैवी कन्या, ही मोत्याची कथा फैझीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरांतून पसरली. मूळ ग्रंथांत तिला आधार नाहीं. तथापि उदाहरणें घालतांना त्यांनीं एका बालिकेस हांक मारिली आहे. मुलींस गणित कशाला, असें विचारणाऱ्यांनीं ती ऐकावी.

आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. तेथील १२०७ च्या शिलालेखांत, बाजारांत गिऱ्हाइकांकडून राजास मिळणारा कर मठास दिल्याचें जुन्या मराठींत कोरलें आहे. आचार्यांचें गणित शिकविलें जावें म्हणून पेठेचा पैसा लागला होता. आज आमच्या पेठांतून उत्सवांस वर्गणी निघते. शाळेंतील लांकडी घनांस आणि गोलांस किती निघते, हें व्यापारी बंधूंनींच आपल्या वह्या उघडून पाहावें.